रोमची जिवती

बाईंनी ते नाणं माझ्या तळहातावर ठेवताना तीन गोष्टी बजावल्या. कडेनं धरायचं. पुसायचं नाही. आणि रविवारी सकाळी, ट्रक निघायच्या आत, परत आणून द्यायचं. पहिल्या दोन मी इमानानं पाळल्या हे आधीच सांगून ठेवतो. कारण तिसरीपर्यंत आलो की माझी बाजू घेणारं या गोष्टीत कुणीही नाही, मी धरून.

बाई म्हणजे आमच्या शेजारीण. ईडन प्रेरीत आमच्या घराला लागून त्यांचं घर. जन्मभर शाळेत लॅटिन शिकवलेलं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी दूर ॲरिझोनात. इथं अमेरिकेत सगळे सगळ्यांना नावानं हाक मारतात. पण आईपेक्षा मोठ्या, त्यातून शिक्षिका असलेल्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ काही रेटेना. घरात मी त्यांना ‘बाई’ म्हणायचो आणि त्यांच्यासमोर काहीच न म्हणता नुसता घसा खाकरून बोलायला सुरुवात करायचो. मला घशाचं काहीतरी जुनं दुखणं आहे, अशी त्यांची पुष्कळ दिवस समजूत होती. एकदा मध आणि लिंबू आणून दिलं होतं त्यांनी.

त्यांच्याकडे एक चपटी लाकडी पेटी होती, आणि तिच्यात मखमलीच्या खळग्यांमध्ये रोमन चांदीची नाणी. अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची म्हटल्यावर पहिल्यांदा मी हात मागेच घेतला होता. नाणी केवढी, तर आपल्या अंगठ्याच्या नखाएवढी. कडा वेड्यावाकड्या, कारण एकेक हातोड्यानं ठोकून पाडलेलं. एका बाजूला राजाचं नाहीतर राणीचं डोकं, दुसऱ्या बाजूला कुणीतरी देवी हातात काहीतरी धरून उभी. आपला ‘दिनार’ हा शब्द याच नाण्याच्या घराण्यातला, हेही मला बाईंनीच सांगितलं. हे तुला लहानपणापासून माहीत असायला हवं होतं, असा चेहरा करून सांगितलं.

“राजाकडे बघत बसू नकोस,” त्या म्हणायच्या. “राजे सगळे सारखेच दिसतात. पाठीमागच्या बाईच्या हातात काय आहे ते बघ.”

हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग असलं की सुबत्ता. तराजू असला की न्याय. नुसतेच एकमेकांत गुंफलेले दोन हात असले की सैन्यातला एकोपा.

“आणि एकोप्याचं नाणं कधी पाडायचे, माहितीये? सैन्य बंड करायच्या बेतात असलं की. हातातून जे निसटत असतं ना, तेच माणसं चांदीवर उठवून घेतात.”

मला आमचं ऑफिस आठवलं. तिथं त्याच सुमाराला ‘आपण सारे एक कुटुंब’ अशी पोस्टरं लागली होती, आणि दर शुक्रवारी कुणा ना कुणाला सामान भरायला खोका देऊन घरी पाठवत होते. मी व्हिसावरचा माणूस, नोकरी गेली की देश सोडायचा. पोस्टरावरचे हसरे चेहरे दिसले की आपलं सामान एका खोक्यात मावेल का, ते मी बघून घ्यायचो. रोमन शिपाईही ते गुंफलेले हात बघून आपलं गाठोडं चाचपत असणार.

पण बाईंनी मला दिलेलं नाणं पेटीतलं नव्हतं. ते त्यांच्या उशाशी, ड्रॉवरमध्ये असायचं. एका बाजूला अंबाडा घातलेली राणी. दुसऱ्या बाजूला एक उभी बाई: दोन हातांत दोन तान्ही मुलं, आणि पायाशी, पदर धरून उभ्या असल्यासारख्या दोन मुली. संततीची देवी. या राणीला म्हणे डझनभर मुलं झाली आणि त्यातली बरीचशी लहानपणीच गेली. तरी असली नाणी निघतच राहिली. बाईंना लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली, तेव्हा नवऱ्यानं दागिना न आणता हे आणलं होतं. आता घर बंद करून त्या कायमच्या मुलीकडे निघाल्या होत्या आणि हे नाणं मुलीच्या हातात ठेवायचं ठरलं होतं.

“पण मला ते आता दिसत नाही,” शुक्रवारी संध्याकाळी त्या म्हणाल्या. त्यांच्या नजरेच्या मधोमध धुरकट डाग आला होता. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. म्हणून त्या आपल्याशी बोलताना आपल्या कानाशेजारी बघायच्या. “मोठा फोटो काढून दे. दारावर लावता येईल एवढा. मुलीला द्यायच्या आधी मला ती बाई एकदा नीट बघायची आहे. आणि उजेड वरून नको, कडेनं. तिरपा. म्हणजे झिजलेले चेहरे वर येतात.”

मी नवा डिजिटल कॅमेरा घेतल्याचं अख्ख्या गल्लीला माहीत होतं, कारण मीच सांगत फिरलो होतो. नाही कसं म्हणणार?

शनिवारी सकाळी घरात तिरपा उजेड कुठे पडतो ते शोधत मी नाणं घेऊन हिंडलो. तो पडत होता एकाच ठिकाणी. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती, आणि आल्या आल्या तिनं खिडकीजवळची माझी पुस्तकांची फळी देवांसाठी ताब्यात घेतली होती. उजेड तिथं. त्या दिवशी देवांसमोर सामानही बरंच होतं, कारण दुपारी आमच्याकडे डोहाळजेवण होतं. माझ्या ऑफिसातल्या नागपूरच्या एका मुलाची बायको, सातवा महिना. तिचं इथं माहेरचं कुणी नाही म्हटल्यावर आईनं परस्पर जाहीर केलं होतं की माहेर आपलं.

चांदी उठून दिसायला खाली गडद, साधं कापड हवं. तिथंच ब्लाउजपीसचा एक गडद हिरवा खण घडी घालून ठेवला होता. त्यावर मी नाणं ठेवलं, देवीची बाजू वर. पहिला फोटो काढायला गेलो आणि कॅमेऱ्यानं मान टाकली. बॅटऱ्या संपल्या.

आता मी काय केलं ते सावकाश बघा. देवांसमोर. नारळाशेजारी. तांदळाच्या वाटीला लागून. हिरव्या खणावर. चांदीचं नाणं, त्यावर पोरंबाळं घेतलेली देवी. एवढं सगळं मांडून मी बॅटऱ्या आणायला दुकानात निघून गेलो. हे बघून मराठी घरातल्या बाईला जे वाटेल ते वाटू नये, अशी अपेक्षा फक्त इंजिनीअरच करू शकतो. मला तर उलट बरं वाटत होतं. म्हटलं, देवांपेक्षा चांगली राखण कोण करणार?

परत आलो तर ड्राइव्हवेत गाड्या लागलेल्या. बायकोनं दारातूनच बर्फ आणायला पुन्हा पिटाळलं. मग बेसमेंटमधल्या खुर्च्या वर, वरचं टेबल खाली, आणि शेवटी सगळ्या पुरुषांची रवानगी गराजमध्ये. मधूनमधून आत बोलावून माझ्याकडून फोटो काढून घेत होते. हिरव्या साडीतली ती मुलगी, फुलांचे दागिने, पेढा की बर्फी ओळखायच्या झाकलेल्या वाट्या, सगळ्यांचे फोटो काढले. ज्याचा काढायचा त्याचा तेवढा राहिला.

शेवटची गाडी गेल्यावर मी देवांपाशी आलो. नारळ नाही. खण नाही. नाणं नाही.

“आई, इथं एक नाणं होतं.”

“कुठलं?” आई आरामखुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

“चांदीचं. जुनं, झिजलेलं.”

“ते जिवतीचं होय? ओटीत घातलं की.”

मी फळीकडे बघत राहिलो. ते बघणं म्हणजे कौतुक असं समजून आई खुलली.

“म्हणजे मी नाही हो घातलं.” वडील गेल्यापासून आई कुणाच्या ओटीला हात लावत नाही, लांब बसून नुसते हुकूम सोडते. “मी हिला म्हटलं, ते चांदीचंही घाल. हातांत पोरं, पायाशी पोरं. श्रावणात भिंतीवर लावतो त्या कागदावरची जिवती अगदी! मला वाटलं, तू मुद्दाम शोधून आणलंस. म्हटलं, चला, पंचेचाळिसाव्या वर्षी का होईना, पोराला काही कळायला लागलं.”

“मलाही वाटलं सरप्राइज आहे,” बायको ओट्यापाशी भांडी आवरत म्हणाली. “इतकं चांगलं सरप्राइज तू आजवर कधी दिलं नव्हतंस. तेव्हाच शंका यायला हवी होती मला.”

“अगं, ते शेजारच्या बाईंचं आहे! फोटो काढायला दिलं होतं. उद्या सकाळी त्या जातायत.” मी किल्ल्या उचलल्या. “आत्ता जाऊन मागून आणतो.”

आईनं पाय खाली सोडले. “ओटीतलं परत मागणार? सातव्या महिन्यातल्या पोरीकडून?”

“आई, या सगळ्या आपल्या समजुती...”

“तुझी नसेल. तिची असली तर?”

“मागच्या वर्षीचं विसरलास का?” बायकोनं विचारलं. तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं होतं.

नव्हतो विसरलो. मागच्या वर्षी पाचव्या महिन्यात त्या मुलीचं बाळ गेलं होतं. मी तिच्या नवऱ्याजवळ हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसलो होतो, आणि तो नुसती कागदी कपाची कड कुरतडत होता. या खेपेला ती मुलगी पायरीसुद्धा विचार करून उतरायची. ओटीत पडलेलं कुणी परत मागायला आलं, ही गोष्ट तिच्या डोक्यात शिरली तर ती बाहेर कोण काढणार? आणि नाही मागितलं, तर उद्या बाईंसमोर कुठलं तोंड घेऊन उभा राहणार?

आडून आडून अंदाज घ्यावा म्हणून मी तिच्या नवऱ्याला फोन लावला.

“दादा, तुम्हालाच करणार होतो.” त्याच्या मागे कसली तरी यंत्रं टिकटिकत होती. “हॉस्पिटलमध्ये आहो आम्ही. घरी आल्यावर तिच्या पोटात दुखून राहिलं. मशीन लावलंय. डॉक्टर म्हणते, थांबून बघू.”

“घाबरू नकोस,” मी म्हणालो. ज्या आवाजात म्हणालो, तो ऐकून तो आणखी घाबरला असेल.

“मीच घाबरलो दादा, ती नाही. काकूंनी ओटीत दिलेलं नाणं मुठीत धरून पडली आहे. नर्स म्हणाली मूठ उघड, सुई लावायची आहे, तर हिनं दुसरा हात पुढे केला.”

मी फोन ठेवला. आई आणि बायको माझ्याकडे बघत होत्या. सांगितल्यावर आई उठून देवांसमोर जाऊन बसली, आणि मी बाईंच्या पायरीपर्यंत जाऊन तसाच परत आलो. आत खोक्यांना टेप लावल्याचा चर्रर्र आवाज येत होता. ॲरिझोनाची मुलगी येऊन पोचली होती.

सकाळी फोन वाजला तेव्हा आम्ही तिघंही त्याच्याभोवतीच चहा घेत होतो. दुखणं थांबलं होतं. बाळाचे ठोके नीट. घरी सोडलं होतं, पण अंथरुणातून हलायचं नाही. आईनं देवाला साखर ठेवली. बायकोनं डोळे पुसले. मी निर्लज्जासारखा विचारता झालो, “आणि ते नाणं?”

“मुठीत आहे,” तो म्हणाला.

बाईंच्या दारात ट्रक उभा होता.

“मी पण येते,” आई म्हणाली. “घाल म्हणाले मी. सांगणारही मीच.” तिनं साडीवर माझं स्कीइंगचं जाकीट चढवलं, पायात बूट घातले आणि माझ्या पुढे चालायला लागली.

बाईंचा हॉल रिकामा झाला होता. एका खुर्चीवर बाई बसलेल्या. त्यांची मुलगी, पन्नाशीची, उंचनिंच, मनगटात टेपचं रीळ बांगडीसारखं घातलेलं.

“नाणं आणलंत ना?” तिनं विचारलं.

मी घसा खाकरला. मग सगळं सांगितलं. मधूनमधून आई मराठीत भर घालत होती आणि मी तिचं पाच मिनिटांचं बोलणं एका वाक्यात उरकत होतो, त्यामुळे मी काहीतरी लपवतोय असा सगळ्यांचाच समज होत होता. ओटी म्हणजे काय ते समजावताना तर मी इतका घसरलो की ऐकणाऱ्याला वाटावं, आम्ही गरोदर बायकांना घरी बोलावून शेजाऱ्यांच्या वस्तू वाटतो.

“म्हणजे माझं नाणं एका अनोळखी बाईला देऊन टाकलं,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. राग परवडला असता.

बाई माझ्या कानाशेजारी बघत होत्या. “ती मुलगी कशी आहे?”

“घरी आली आहे सकाळी. बरी आहे. पडून राहायला सांगितलंय.”

“आणि नाणं तिच्या मुठीत आहे.”

“हो.”

“मला ते हवंय,” बाई म्हणाल्या. “राहू दे, असू दे, असं मी म्हणणार नाही. तशी मी नाही. नवऱ्यानं दिलेली ही एक वस्तू मी कधी पेटीत घातली नाही. मला ती हवी आहे.”

“काय म्हणतायत?” आईनं विचारलं.

“हवंय म्हणतायत.”

“बरोबरच आहे. मलाही हवं असतं.” आईनं रिकाम्या हॉलवरून एकदा नजर फिरवली. मग टेपची बांगडी घातलेल्या त्या मुलीकडे तिनं हनुवटीनं खूण केली. “ही यांचीच ना?”

“हो.”

“मग बाई लेकुरवाळी आहेत. ओटीतलं परत मागता येत नाही. पण ओटी भरून घेतलेल्या बाईनं दुसऱ्या लेकुरवाळीची ओटी भरली, तर आलेलं नाणं तिच्या ओटीत घालता येतं. आमच्याकडे असतं असं.”

“आमच्याकडे म्हणजे कुठे? मी पंचेचाळीस वर्षं आमच्याकडेच आहे.”

“तुला काय माहीत? तू बर्फ आणायला गेलेला असतोस.”

“अगं, पण...” मी आवाज खाली आणला. तिथं मराठी कळणारं आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं, तरी आणला. “त्यांचे मिस्टर नाहीत, आई.”

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा पाचवीत गेलो.

“ठाऊक आहे मला. पोरं घेऊन उभी आहे ना ती नाण्यावर? तिच्या शेजारी नवरा काढलाय का कुठे? आपल्या जिवतीच्या कागदावर तरी काढतात का?”

रोमन नाण्यांवर बाईंची एवढी प्रवचनं ऐकली होती, पण हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाई पहिल्यांदाच हसल्या, आणि मान वळवून आईला नजरेच्या कडेत नीट बसवून बघितलं.

“चला,” त्या उठल्या. “मी येते तिच्याकडे. तिनं दिलं तर घेईन.”

“आई, आपल्याला निघायचंय,” त्यांची मुलगी म्हणाली. “पुढे पाऊस आहे.”

“ट्रक तिकडूनच ने.”

ही ‘तिनं दिलं तर’ची भानगड मी आईला सांगितली नाही. आमच्या गाडीत बाई पुढे, आई मागे, आणि आरशात तो ट्रक. सिग्नलला थांबलो की मला वाटायचं, उजवीकडे वळावं आणि सरळ कॅनडा गाठावा.

अपार्टमेंटचं दार त्या मुलानं उघडलं. “दादा, हे काय? ट्रक?”

“सांगतो,” म्हणालो आणि सांगितलं काहीच नाही.

मुलगी सोफ्यावर डाव्या कुशीला पडली होती. पायाखाली उशी, अंगावर शाल. चेहरा उतरलेला. शालीबाहेर मूठ. आई तिच्याजवळ टेकली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि शास्त्र सांगायला लागली. पूर्वीपासूनची रीत आहे. ओटी पुढे चालवायची असते. अडवून ठेवायची नसते. दुसऱ्या लेकुरवाळीला दिली की दुप्पट लाभते. आईला इतकं अस्खलित खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी बाईंचं ऐकून ऐकून शिकलो होतो की झिजलेले चेहरे तिरप्या उजेडात वाचता येतात. त्या मुलीचा चेहरा काही मला वाचता येईना.

आईचं संपलं. मुलगी म्हणाली, “काकू, हे तुम्ही आत्ता गाडीत बसून तयार केलंत ना?”

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे.

“गाडीत नाही,” आई म्हणाली. “यांच्या घरी.” मग तिनं एक श्वास घेतला. “बाळा, नाणं या बाईंचं आहे. चुकून तुझ्या ओटीत आलं. तू ठेव म्हणायचा मला हक्क नाही, आणि दे म्हणायची हिंमत नाही. माझ्यापाशी एवढंच होतं, ते बनवून आणलं.”

मूठ अधिकच आवळली गेली, हे मला दिसलं. खाली ट्रकचं इंजिन चालूच होतं. मुलीनं बाईंकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला हे कधी मिळालं?”

“ही झाली तेव्हा,” बाईंनी मागे हात केला. दाराशी त्यांची मुलगी हाताची घडी घालून उभी होती.

सोफ्यावरच्या मुलीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पन्नास वर्षांची, धडधाकट, घाईत असलेली, वैतागलेली बाई. कधीकाळी कुणाच्या तरी पोटात होती, आणि आता टेप घेऊन उभी होती. कितीतरी वेळ ती बघत राहिली. त्या उंच बाईला अवघडल्यासारखं झालं. तिनं रीळ मनगटातून काढून खिशात कोंबलं.

“तांदूळ आण,” मुलगी नवऱ्याला म्हणाली.

“बासमती आहे फक्त. चालेल, काकू?”

“चालेल,” आई म्हणाली. तिनं टीपॉयवरची ताटली पुढे ओढली.

मुलीनं मूठ उघडली. तळव्यावर नाण्याचा गोल वळ उठला होता.

बाईंना सोफ्याशेजारी खुर्चीत बसवलं. पदर नाही म्हणून त्यांनी स्वेटरची पुढची बाजू दोन्ही हातांनी धरली. मुलीनं सोफ्यावरच उशीला टेकून बसत हळद-कुंकू लावलं, खण ठेवला, नारळ ठेवला, आणि ओंजळीनं तांदूळ घातले. निम्मे कार्पेटवर गेले. सगळ्यात शेवटी नाणं. घालताना तिचा हात थांबला. मग सोडलं.

“थोडे दाणे परत ठेवायला सांग त्यांना,” आई माझ्या कानाशी म्हणाली.

मी सांगितलं. बाईंनी न बघता तांदळात बोटं घातली, नाणं बरोबर शोधून दुसऱ्या हातात घेतलं, आणि चिमूटभर दाणे मुलीच्या ताटलीत ठेवले. दोघींपैकी कुणीच आभार मानले नाहीत.

मी मोकळा श्वास घ्यायला लागलो होतो, तेवढ्यात मुलगी म्हणाली, “काकू, आता तुम्ही बसा.”

“मी?”

“लेकुरवाळी म्हणालात ना? नाण्यावर नवरा कुठं काढलाय, असंही म्हणालात म्हणे, दादा सांगत होते आत्ता.”

मघाशी तांदूळ काढताना मी खरोखरच तिच्या नवऱ्याला आईचं ते वाक्य कुजबुजलो होतो, आणि ते सोफ्यापर्यंत पोचलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही.

“माझं काय गं, मी आपली...” आईनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा थर्मोस्टॅट वाचत होतो. अडुसष्ट डिग्री फॅरनहाइट. फार बारकाईनं वाचण्यासारखी गोष्ट असते ती.

“लेकरू नाही का तुमचं?” नवरा म्हणाला. “चांगलं शंभर किलोचं आहे न काकू, इथंच उभं आहे.”

आई बसली. स्कीइंगच्या जाकिटाची चेन तिला उघडता येईना, ती बाईंच्या मुलीनं वाकून उघडून दिली. आईनं पदर पसरला. नाणं म्हणून नवऱ्याच्या खिशातलं पंचवीस सेंटचं एक क्वार्टर घातलं. आई मान खाली घालून बसली होती. मग मुलगीच म्हणाली, “मला भूक लागली आहे. काल संध्याकाळपासून काही खाल्लं नाही.” आणि सगळे एकदम कामाला लागले. फोटो मात्र राहिला तो राहिलाच.

डिसेंबरात, दिवस पूर्ण भरून, तिला मुलगी झाली. आम्हाला फोन आला तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, आणखी कुणाकुणाला कळवलंस? बोलता बोलता ती मुलगी सांगून गेली की सगळ्यात आधी फोन ॲरिझोनाला, बाईंना केला.

आई फोन ठेवून फुगून बसली. “तिला आधी? आणि मला नंतर? ओटी कुणी भरली होती तिची?”

“तू नव्हतीस भरली,” मी म्हणालो. “तुझी भरली होती तिनं.”

“तू गप्प बस,” आई म्हणाली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून विचारलं, “वजन किती म्हणाली रे बाळाचं?”